लाउंजमधला एकमेव तिकीटवाला

पुंजाराम दांडगे सिल्लोडच्या बसस्टँडवर एकतीस वर्षं कंट्रोलर होते. रिटायर होऊन सात वर्षं झाली, तरी गावात त्यांना पुंजाराम म्हणून कोणी हाक मारत नाही. लहानथोर सगळे 'कंट्रोलर साहेब'च म्हणतात, आणि बायको भागूबाई चिडली म्हणजे तीसुद्धा. माणूस अंगानं काटकुळा, पण आवाज असा की माईक बंद पडला तरी स्टँडवर कोणाला पत्ता लागायचा नाही. खिडकीतनं डोकं बाहेर काढून ते नुसतं म्हणायचे, "जळगावकडं जाणारी गाडी, गोळेगाव, अजिंठा, फर्दापूर, पहूर मार्गे, फलाट दोनवर लागलेली आहे," की समोरच्या हॉटेलात बसलेला माणूस अर्धं भजं हातात घेऊन पळत सुटायचा.

नोकरीत त्यांनी दोनच गोष्टी धरून ठेवल्या. टाईम म्हणजे टाईम, आणि तिकीट म्हणजे तिकीट. अमक्या सभापतीचा भाचा, तमक्या फौजदाराचा साडू, अशा चिठ्ठ्या रोज यायच्या. त्या ते घडी घालून टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सरकवायचे. आरक्षणवाला उभा आणि त्याच्या जागेवर कोणाची तरी टोपी पडलेली, असं दिसलं की स्वतः गाडीत चढून टोपी उचलायचे. एकदा ती टोपी खुद्द सासऱ्यांची निघाली. तीही उचलली. सासरे पुढं दीड वर्ष त्यांच्याशी बोलले नाहीत, आणि त्या दीड वर्षाचा हिशेब भागूबाई अजून अधूनमधून काढते.

तर अशा माणसाला गेल्या हिवाळ्यात विमानाच्या बिझनेस क्लासचं तिकीट आलं.

झालं असं, की त्यांची लेक सोनिया दिल्लीकडं नोकरीला. तिला मुलगी झाली. बाळंतपणासाठी भागूबाई दीड महिना आधीच सचखंड एक्सप्रेसनं गेलेली होती. बारशाला पुंजाराम जाणार होते, पण नुकताच त्यांचा उजवा गुडघा बदललेला. सोनियाकडं कंपनीच्या कामासाठी उडून उडून साठलेले पॉइंट होते. ते खर्ची घालून तिनं बापाला पुढचं तिकीट काढलं.

"बाबा, पुढं पाय पसरायला जागा असते," ती फोनवर म्हणाली. "आणि लवकर पोचलात तर लाउंजमध्ये बसा."

"लॉजमधी?"

"लाउंज, बाबा."

"तेच म्हणतो ना मी. दीड तासासाठी लॉज कशाला? अन् चांगल्या घरची माणसं लॉजवर जात नसतेत."

सोनियानं समजावून सांगितलं. विमान कंपनीनं विमानतळावर खास लोकांसाठी एक खोली केली आहे, मऊ खुर्च्या आहेत, खाणंपिणं आहे, आणि पैसे द्यायचे नाहीत. पुंजारामांना शेवटची गोष्ट पटली नाही. मग मागनं भागूबाईनंच फोन ओढून घेतला.

"मला रेल्वेत वरचा बर्थ, अन् ह्यांना बिझनेस! माझे गुडघे काय लोखंडाचे हायेत?"

"लोखंडाचा माझा हाय," पुंजाराम म्हणाले. "म्हणून तर."

गावात बातमी फिरली की कंट्रोलर साहेब बिझनेससाठी दिल्लीला चाललेत. मक्याचा असंल, असं आडत बाजारात ठरलं. पुंजारामांनी मोईनच्या झेरॉक्सच्या दुकानात तिकिटाचा कागद काढला आणि भिजायला नको म्हणून लॅमिनेट करून घेतला. बहिणीनं, आवडाबाईनं, बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू बांधून दिले. जायच्या दिवशी ते सकाळच्या एसटीनं सिडको स्टँडला उतरले, रिक्षा केली, आणि बारा पन्नासच्या विमानासाठी साडेदहालाच चिकलठाण्याच्या विमानतळावर हजर झाले. धोतर, नेहरू शर्ट, वरनं मफलर, एका हातात तिकीट, दुसऱ्या हातात लाडवांची पिशवी.

तपासणीच्या चौकटीतनं जाताना यंत्र ओरडलं.

"खिशात काय आहे?" जवानानं विचारलं.

"खिशात नाय," पुंजाराम म्हणाले, "पायात हाय."

तिथनं सुटून ते लाउंजच्या दारापाशी आले. दुधी काचेचं दार, त्यावर सोनेरी इंग्रजी अक्षरं. दारातच मॅनेजर उभा होता. सार्थक त्याचं नाव. कोट त्याच्या अंगापेक्षा दोन मापं मोठा होता, आणि हसणं कोटापेक्षा मोठं. पुंजारामांचं धोतर पाहून ते हसणं जरा आवरलं.

"बाबा, वॉशरूम सरळ जाऊन डावीकडं."

"मला लागलेली नाय. मला बसायचंय."

"बसायला बाहेर खुर्च्या आहेत ना."

पुंजारामांनी तिकीट पुढं केलं. सार्थकनं आधी त्यावरचं प्लास्टिक बघितलं, मग यंत्राखाली धरलं. हिरवा दिवा लागला. त्यानं यंत्र बाहीला पुसलं आणि परत धरलं. परत हिरवा.

"सर," आता बाबाचे सर झाले, "ॲक्च्युअली काय आहे, आत्ता आपण फुल आहोत. दहा मिनिटं वेट केलंत, कोणी उठलं की..."

"फुल? जागा किती?"

"चौदा."

"अन् आरक्षण किती?"

इतक्यात आतनं कोणीतरी हाक मारली, "सार्थक, कॉफीत साखर नाय रे!" आणि सार्थक कोट सावरत आत पळाला.

काउंटरवर डोक्याला स्कार्फ बांधलेली एक मुलगी बसली होती. छातीवरच्या पाटीवर युसरा असं नाव. मघापासनं ती पुंजारामांकडं टक लावून बघत होती. सार्थक गेल्याबरोबर ती पुढं झुकली.

"चाचा, तुम सिल्लोड के कंट्रोलर ना? मेरी नानी का घर स्टँड के पीछेच है. छुट्टी में जाते थे तो तुम्हारा आवाज सुनकेच उठते थे हम."

"कोणाची गं तू?"

"रहीम टेलर की नवासी."

"आरं, रहीमभाईची! मग खरं सांग पोरी. आत बिझनेसवाले किती हायेत?"

युसरानं इकडंतिकडं बघितलं. "आज? एक."

"कोण?"

"तुम."

पुंजारामांनी दुधी काचेकडं बघितलं. आत माणसांच्या सावल्या हलत होत्या, चमच्यांचा आवाज येत होता. "मग हे बाकीचे?"

"सब मागच्या सीटवाले. पहचानवाले हैं," युसरा म्हणाली. "किसी का फोन आता है, किसी की चिठ्ठी. मैं क्या बोलूं चाचा, मेरेकू नौकरी करनी है." तिला मग खाली गेटवर ड्युटीला बोलावणं आलं आणि ती उठून गेली.

पुंजारामांना बरं वाटलं, असं म्हणणं बरोबर नाही. पण सात वर्षं कपाटात पडलेलं घड्याळ किल्ली दिल्याबरोबर चालू व्हावं, तसं त्यांच्या आत काहीतरी चालू झालं. पिशवी उचलून त्यांनी दार ढकललं.

आत थंडी होती. भिंतीवर लेण्यांचं मोठं चित्र, त्याखाली 'कृपया शांतता राखा' अशी पाटी, आणि पाटीखाली बसून प्लॉटिंगच्या धंद्यातले एक गृहस्थ फोनवर कोणाला तरी बायपासजवळची जमीन विकत होते. एका टेबलावर चांदीच्या रंगाची झाकणं ठेवलेली भांडी. त्यातल्या पोह्यांवर शेंगदाण्याऐवजी काळी गोल गोल कसली तरी फळं होती. एक प्राचार्य, गळ्यात परिसंवादाचा बिल्ला, बिस्किटांच्या पुड्या एकेक करून परिसंवादाच्याच पिशवीत टाकत होते. दर पुडीला ते छताकडं बघायचे, म्हणजे हात काय करतोय ते त्यांना स्वतःलाही दिसू नये.

पण मधली मोठी बैठक शिवराजदादांची होती. शिवराजदादांना शहरात न ओळखणारा माणूस सापडणार नाही, कारण गेली नऊ वर्षं दर चौकातल्या फलकावर त्यांचा फोटो आहे आणि त्याखाली 'भावी' लिहिलेलं आहे. आधी भावी नगरसेवक होते, मग भावी महापौर झाले, आता भावी आमदार. बाकी काही न होता त्यांनी भावीतल्या भावीत एवढी बढती मिळवली होती. सोबत चार कार्यकर्ते. माणसं पाच आणि खुर्च्या सहा, म्हणून सहाव्या खुर्चीवर वर्तमानपत्र घडी करून ठेवलेलं.

पुंजारामांनी वर्तमानपत्र उचललं.

"ओ काका, माणूस येतोय तिथं," एक कार्यकर्ता म्हणाला. कडुबा त्याचं नाव, दादांची बॅग मांडीवर घेऊन बसला होता.

"कुठून येतोय?"

"येतोय म्हटलं ना."

"तिकीट हाय का?"

कडुबा हसला. बाकीचे तिघंही हसले. "काका, तिकीट आणायलाच तर चाललोत आम्ही दिल्लीला!"

पुंजारामांना पहिल्यांदा कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांनी दादांकडं बघितलं. दादा मोठ्या मनानं हसत होते.

"अरे बसू द्या काकांना," दादा म्हणाले. "ज्येष्ठ नागरिक आहेत. आणि तिथं नाही, इथं. माझ्या खुर्चीवर बसा काका. शेवटी हे सगळं सामान्य माणसासाठीच चाललंय ना!" आणि ते खरोखरच उठले.

"आवो पण माझं तिकीट..." पुंजाराम लॅमिनेट केलेला कागद पुढं करायला लागले.

"असू द्या, असू द्या, तिकिटाचं काय घेऊन बसलात! कडुबा, फोटो."

कडुबानं दोन कोनांतनं फोटो घेतले. एकात दादा पुंजारामांना दंड धरून बसवत होते, दुसऱ्यात पुंजारामांच्या डोक्यावर हात होता. पुंजाराम खुर्चीवर टेकले ते टेकतच गेले. खुर्ची इतकी मऊ होती, की गुडघे छातीशी आले आणि पिशवी हनुवटीला लागली. सार्थकनं पाणी आणून दिलं, तेही दादांकडं बघत, जणू त्यांच्याच खात्यातलं. दोन मिनिटांत कडुबानं फोटो सगळीकडं पाठवून दिला. 'सामान्य माणसासाठी आपली खुर्ची सोडणारं नेतृत्व!' असं त्यानं मोठ्यानं वाचूनही दाखवलं.

सबंध खोलीत ज्याची जागा होती असा एकच माणूस, आणि त्यालाच जागेची भीक मिळाली होती. पुंजारामांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. भांडावं तर खुर्चीतनं उठता येईना. सार्थकनं पाण्यासोबत ठेवलेल्या पोह्यांच्या बशीतलं एक काळं फळ त्यांनी खाऊन बघितलं आणि रुमालात काढून ठेवलं.

मग त्यांनी नेहमीचं काम सुरू केलं. घड्याळ बघायला लागले.

बारा दहा झाले. बारा वीस झाले. या लाउंजचा डौल असा, की आत कसली घोषणा ऐकू येत नाही. विमान लागलं की मॅनेजरनं प्रत्येकाच्या कानाशी जाऊन हळू सांगायचं. पण सार्थक दादांसोबत सेल्फी काढत होता, मग आपल्या भावाच्या नोकरीचा अर्ज मोबाईलमध्ये शोधत होता. दार उघडलं तेव्हा बाहेरनं पुसटसं 'दिल्ली' ऐकू आलं. पुंजाराम खुर्चीच्या दोन्ही हातांवर जोर देऊन, एकदा परत खाली बसून, दुसऱ्या झटक्यात उठले. खिडकीतनं बघितलं. विमान समोर उभं, आणि माणसांची रांग जवळजवळ संपलेली.

"साहेब," ते सार्थकला म्हणाले, "गाडी लागली."

"सर, आम्ही सांगतो ना. रिलॅक्स करा."

"आवो, लागून सुटायची वेळ झाली."

"सर, प्लीज, आवाज हळू. सायलेंट लाउंज आहे."

बारा पंचवीस. पुंजारामांनी मफलर मागं टाकला, खोलीच्या मधोमध उभे राहिले आणि घसा खाकरला.

"लक्ष द्या! लक्ष द्या! दिल्लीकडं जाणारी गाडी फलाटावर लागलेली हाय, अन् पाच मिनिटांत सुटणार हाय! ज्या प्रवाशांना दिल्लीला जायचंय त्यांनी ताबडतोब गाडीत बसून घ्यावं! मागनं तक्रार चालणार नाय!"

भांड्यांची झाकणं थरथरली. प्लॉटिंगवाले फोनमध्ये "दोनच प्लॉट शिल..." एवढं बोलून उभे राहिले. प्राचार्यांनी एक बूट घातला, दुसरा हातात घेतला. ज्यांना वर्षानुवर्षं दुसऱ्यांनी उठवून न्यायची सवय होती, ती सगळी माणसं वाटेतल्या खुर्च्या पाडत दाराकडं धावली. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचं लहानपण एसटीतच गेलेलं असणार, कारण एकानंही कोणती गाडी, कुठला फलाट असं विचारलं नाही. कडुबाही पळाला. मांडीवरची दादांची बॅग तशीच छातीशी धरून पळाला.

दादा मात्र बसून राहिले. एक कार्यकर्ता जायचं की राहायचं या विचारात दारापाशी घुटमळत होता.

"दादा, चला," पुंजाराम म्हणाले. "सुटती ती."

"तुम्ही व्हा पुढं काका. मी इथं असताना विमान जातंय व्हय?" दादांनी फोन कानाला लावला. "फक्त एक फोन करतो वरती."

गेटवर युसरा होती. पुंजाराम लंगडत येताना बघून तिनं दार धरून ठेवलं, आणि मागनं अजून कोणी येतंय का ते डोकावून बघितलं. कोणी येत नव्हतं. साडेबाराला तिनं दार लावून घेतलं.

विमानात पहिल्या ओळीत पुंजारामांनी पाय पसरले. हवाई सुंदरीनं वाकून विचारलं, काही हवंय का. त्यांनी मनगटावरचं घड्याळ दाखवून विचारलं, "बारा पन्नास म्हंजे बारा पन्नासच ना?" ती हो म्हणाली, आणि विमान खरंच बारा पन्नासला हललं. पुंजारामांचे डोळे भरून आले. शेजारच्याला वाटलं, माणूस पहिल्यांदा विमानात बसतोय म्हणून असेल.

पुढचं सगळं त्यांना दिल्लीत, बारशाच्या धामधुमीत, फोनवरनं तुकड्यातुकड्यांनी कळलं. शिवराजदादांचा फोन वर लागला होता, पण वरच्यांनी खाली लावलेल्या फोनच्या आधी विमान वर गेलं होतं. दादांचे कागद, नवं जाकीट आणि भाषण कडुबासोबत दिल्लीला पोचलं, आणि कडुबा दोन दिवस एका मोठ्या बंगल्याबाहेर ते छातीशी धरून उभा राहिला. तिकीट दुसऱ्याच कोणाला मिळालं. 'विरोधकांनी कट करून विमान वेळेवर सोडलं' अशा आशयाचं एक निवेदन दादांच्या माणसांनी तयार केलं, पण ते कोणाला द्यायचं यावर त्यांच्यात एकमत झालं नाही.

फोटो मात्र चांगलाच चालला. पुंजाराम महिन्यानं सिल्लोडला परतले, तर चौकात भलामोठा फलक. त्यावर दादांचा हात आणि हाताखाली पुंजाराम, हनुवटीला लाडवांची पिशवी टेकलेले. लोक भेटेल तिथं विचारायला लागले, "काय कंट्रोलर साहेब, दादांच्या पार्टीत गेले म्हणं?" एकानं तर मुलाच्या बदलीसाठी शब्द टाकायला सांगितलं. पुंजारामांनी लॅमिनेट केलेलं तिकीट काढून दाखवायचा खूप प्रयत्न केला, पण फलक वीस फुटांचा आणि तिकीट वीतभर. शेवटी त्यांनी तो चौकच सोडला आणि मागच्या गल्लीनं बाजाराला जायला लागले.

उन्हाळ्यात नातीचं जावळ होतं. या वेळी भागूबाईनं बजावलं होतं, रेल्वे नाही. सोनियानं दोघांची साधी तिकिटं काढली, मागच्या बाजूची. विमानतळावर दोघं लाउंजच्या दारावरनं चालले होते, तेवढ्यात सार्थक धावत बाहेर आला. आता कोट मापाचा होता.

"या या काका! ओळखलं नाही का? तुम्ही दादांचे ना! या आत, बसा."

"आमचं तिकीट मागचं हाय," पुंजाराम म्हणाले.

"तिकिटाचं काय घेऊन बसलात काका!"

"मी कोणा दादाचा नाय. अन् तिकिटाबिगर मी..."

"तुम्ही बसा नियम धरून," भागूबाई मधेच म्हणाली. तिनं पदर खोचला आणि सार्थकला विचारलं, "आत पंखा हाय ना रं बाबा?" आणि गेलीसुद्धा. आतनं युसराचा आवाज आला, "आओ नानी, आओ, बैठो," आणि दार लागलं.

पुंजाराम बाहेर लोखंडी खुर्चीवर बसले. दार उघडझाप करायचं तेव्हा भागूबाई दिसायची. एकदा ती कॉफी बशीत ओतून पीत होती. एकदा एका सफारीवाल्या माणसाला सून कशी निवडावी ते सांगत होती. पाऊण तासानं ती बाहेर आली, शेजारी बसली आणि कागदी रुमालात गुंडाळलेलं काहीतरी त्यांच्या मांडीवर ठेवलं. पेस्ट्री होती, वर लाल चेरी.

"हे आपल्या तिकिटात बसत नाय," पुंजाराम म्हणाले.

"माझ्या तरी कुठं बसतंय? खा. सकाळपासनं पोटात काय नाय तुमच्या."

पुंजारामांनी घड्याळ बघितलं. अर्धा तास होता. त्यांनी डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. ओळखीचं कोणी नव्हतं. मग तोंड भिंतीकडं करून त्यांनी पेस्ट्री खाल्ली, दोन घासांत.

"मिशीला लागलं," भागूबाई म्हणाली, आणि पदरानं पुसून दिलं.